जी गाडी विकत घेता येत नाही

परवा आमच्या एका मित्राने गाडी घेतली. पांढरी, उंच, सात सीटर, बॉनेट माझ्या छातीपर्यंत. शोरूमवाल्यांनी लाल कापड ओढून दर्शन घडवलं, काकूंनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चारही चाकांखाली लिंबं ठेवून झाली, नारळ फुटला, फोटो झाले. मग साहेब माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणतात, "आली बे शेवटी ड्रीम कार!"

गाडीबद्दल माझी तक्रार नाही. कर्ज त्याचं, ईएमआय त्याचा, डिझेलही त्याचंच. तक्रार आहे ती 'ड्रीम' या शब्दाबद्दल. कारण याच माणसाच्या रवीनगरच्या घरी, 30 ऑक्टोबर 2011 ला दुपारी तीन वाजता, दिवाळीच्या सुट्टीत चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन आम्ही भारतातली पहिली फॉर्म्युला वन रेस टीव्हीवर पाहिली होती. आम्ही नववीत होतो. वेटेल जिंकला, सचिनने चौकड्यांचा झेंडा हलवला आणि आम्ही दोघंही साफ वेडे झालो होतो. त्यानंतर वर्षभर वहीच्या शेवटच्या पानावर आमच्या दोघांच्या गाड्यांची चित्रं. एकाही गाडीला दार नव्हतं, डिकी नव्हती, आणि चाकं बाहेर.

तेव्हा 'किती पर्यंत जाते ऑन रोड?' असं कुणी विचारत नव्हतं. कारण ती गाडी शोरूममध्ये मिळतच नाही. मुद्दा हाच आहे आणि तो जरा तपशिलात मांडायचाय.

आपल्याकडे लोकांना फॉर्म्युला वन आवडायचं असं आपण समजतो. मला शंका आहे. आपल्याला फेरारी आवडायची. 2002 मध्ये सिल्व्हरस्टोनला शूमाकरने सचिनला लाल 360 मॉडेना दिली, ती ब्रॅडमनच्या 29 शतकांशी बरोबरी केली म्हणून. पुढे 2003 मध्ये गाजलं काय, तर आयात शुल्क माफ करायचं की नाही! शेवटी ते फियाटने भरलं. 2011 मध्ये सचिनने गाडी विकली, सुरतेला गेली, 2012 मध्ये त्यावरून प्रेरणा घेऊन अख्खा सिनेमा आला. अख्ख्या देशाला या गाडीची ड्युटी माहीत, मालक माहीत, पुढचा गिऱ्हाईक माहीत. ती हातात देणारा माणूस त्या मोसमात गाडी कशी चालवत होता यावर कुणी चार वाक्यं बोलल्याचं मला आठवत नाही. बुद्ध सर्किटचंही तेच. उत्तर प्रदेश सरकारने त्या रेसला खेळ मानलं नाही, करमणूक मानलं आणि करमणूक कर लावला. चिडून सगळे बोलले. मला मात्र वाटतं, सरकारने आपल्याला बरोबर ओळखलं होतं. 2011, 2012, 2013, तीन रेस झाल्या, तिन्ही वेटेलने जिंकल्या, खेळ खल्लास.

आणि मग स्वप्न रस्त्यावर आलं. अक्षरशः.

गाडी आल्यानंतरच्या रविवारी मित्राने आम्हाला समृद्धीवर नेलं. शिवमडक्याहून चढलो, वर्ध्याकडे. मी मागे बसलो आणि सवयीने बेल्ट शोधायला लागलो. बकल सापडेना. शोरूमवाल्याने नवं कोरं लेदरचं सीट कव्हर चढवलेलं, बकल त्याच्या पोटात! "काढू नको बे, नऊ हजाराचं कव्हर आहे," पुढून आवाज. बेल्ट लावला नाही म्हणून गाडी पुढच्या सीटवाल्यांना बीप देईल, तर तिथे नकली क्लिप खोचलेली. (या क्लिपा विकल्याबद्दल 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्रेत्यांवर आदेश काढले होते. तरी आमच्या साहेबांना मिळालीच.) मग काटा 120 च्या पुढे, 140, 160. शेजारचा व्हिडिओ काढतोय. संध्याकाळी तो व्हिडिओ ग्रुपवर आला, खाली तीन शब्द : 'फुल एफवन फील.'

इथे माझं डोकं सरकलं.

गणित आपल्या सगळ्यांना येतं, म्हणून करूनच टाकू. कोरडा रस्ता, चांगले टायर, प्रतिक्रियेला एक सेकंद धरला तर ताशी 120 वरून गाडी थांबायला साधारण 105 मीटर लागतात. 160 वरून 170. वेग तिसऱ्या हिश्श्याने वाढला, ऊर्जा पावणेदोन पटीपेक्षा जास्त झाली. आणि ही दोन टनांची, उंच गुरुत्वमध्याची गाडी. फॉर्म्युला वनची गाडी ड्रायव्हरसकट आठशे किलोच्या आसपास असते, जमिनीला चिकटून पळते, आणि तिच्यातला माणूस सहा पट्ट्यांनी बांधलेला असतो. 'एफवन फील' घ्यायचा असेल तर आधी तो बकल बाहेर काढ रे बाबा!

उघड्या चाकांच्या गाडीची खरी गंमत तिच्या भित्रेपणात आहे. हो, भित्रेपणात. फिरणाऱ्या चाकाची मागची कड वर जात असते. मागून येणाऱ्याचं पुढचं चाक तिला टेकलं की ते त्यावर चढतं आणि गाडी सरळ हवेत. म्हणून ताशी तीनशेने जाणारी ही माणसं शेजारच्याला बोटभर जागा सोडतात, आणि ती सोडायला लहानपणापासून कार्टिंगमध्ये शिकतात. बंद गाडीत बंपर आहे, दार आहे, एअरबॅग आहे, त्यामुळे 'लागलं तर लागलं'. उघड्या चाकाला तो माज परवडत नाही. 1994 मध्ये इमोलाला एकाच वीकेंडला रात्झेनबर्गर आणि सेना गेले आणि त्यानंतर त्या खेळाने स्वतःला उलटंपालटं केलं. 2018 पासून ड्रायव्हरच्या डोक्याभोवती हेलो आला. दिसायला घाण म्हणून लोकांनी शिव्या घातल्या, मीही घातल्या होत्या. 2020 ला बहारीनमध्ये ग्रोजाँची गाडी कठड्यात घुसून दोन तुकडे झाली, पेटली, आणि हा प्राणी भाजलेल्या हातांनी आगीतून चालत बाहेर आला. त्या दिवशी मी माझ्या शिव्या परत घेतल्या.

हे मी टीव्हीसमोर बसून शिकलो नाही. इंजिनीअरिंगला आमच्या टीमने एक फॉर्म्युला गाडी बांधली होती. आजही देशभरातली पोरं बांधतात, जानेवारीत कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर फॉर्म्युला भारतला नेतात. बऱ्याच गाड्यांत चाकणला बनणारं केटीएम 390 चं इंजिन असतं, आमच्यातही तेच. हवा आत घ्यायला नियमाने फक्त 20 मिलीमीटरचं भोक, म्हणजे ताकद दाखवायची सोयच नाही. आणि ट्रॅकवर जायच्या आधी तपासणी. गाडी 60 अंशांत कलती करतात, चाक उचललं गेलं तर घरी जा. ब्रेक मारल्यावर चारही चाकं एकदम लॉक व्हायला हवीत. आणि माझी सगळ्यात आवडती परीक्षा : ड्रायव्हर पूर्ण पट्टे बांधून, हेल्मेट घालून, हात स्टिअरिंगवर ठेवून बसणार आणि पाच सेकंदांत बाहेर येऊन उभा राहणार. पाच! आमची गाडी ब्रेकच्या परीक्षेत अडकली. मागचं डावं चाक लॉक होईना. चार वेळा ब्लीडिंग केलं, बायस बदलला, अंधार पडला. 22 किलोमीटरची मुख्य रेस आम्ही कठड्याबाहेरून बघितली. येताना ट्रेनमध्ये कुणी कुणाशी बोललं नाही. पण दोन-अडीचशे किलोची, मोटारसायकलचं इंजिन लावलेली गाडी 'तुला थांबता येत नाही, म्हणून तुला पळता येणार नाही' असं सांगून परत पाठवली जाते, हे बघितलेला माणूस समृद्धीवर मागच्या सीटवर शांत बसू शकत नाही.

फेब्रुवारी 2024 मध्ये आपल्याच रेल्वे स्टेशनजवळच्या रामझुल्यावर रात्री एका मर्सिडीजने दुचाकीवरच्या दोन तरुणांना उडवलं. दोघंही गेले. तीन महिन्यांनी, 19 मे ला, पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे. चालवणारा 17 वर्षांचा, गेलेले दोघं आयटीवाले, तुमच्या-माझ्यासारखे, बाइकवर. जामिनाच्या अटींत 300 शब्दांचा निबंध होता. मी दर शनिवारी याच्या चौपट लिहितो, कुणालाही न मारता. या दोन्ही गाड्या कुणाच्या तरी ड्रीम कारच होत्या.

आता नेहमीचे आक्षेप. 'हा श्रीमंतांचा खेळ आहे.' मान्य, वर जायला कोट्यवधी लागतात. मुंबईचा जेहान दारूवाला फॉर्म्युला टू मध्ये शर्यती जिंकूनही फॉर्म्युला वनच्या सीटपर्यंत पोचला नाही. पण तीस-पस्तीस लाखांची एसयूव्ही काय गरिबांचा खेळ आहे? 'आवाज गेला, मजा गेली.' हे 2014 ला व्ही-सिक्स हायब्रिड आल्यापासून ऐकतोय. त्याच इंजिनाने इंधनातल्या निम्म्याहून जास्त ऊर्जेचं काम करून दाखवलं, असं मर्सिडीजने 2017 मध्ये जाहीर केलं. इंजिनीअरला याहून सुंदर आवाज कोणता हवा? आणि फॉर्म्युला ई ला 'मिक्सर' म्हणून हसणाऱ्यांसाठी : तिथे महिंद्रा 2014 च्या पहिल्या मोसमापासून आहे, आणि 2024 चं टीम विजेतेपद जिंकलेली जॅग्वार टाटांच्या मालकीची, नावातच टीसीएस. दोन्ही घरं मुंबईची. आपल्यातले कितीतरी जण यांच्याच कंपन्यांचं कार्ड गळ्यात घालून मिहानला जातात आणि गाडीवर गप्पा सुरू झाल्या की सनरूफवर बोलतात. नेटफ्लिक्सच्या मालिकेमुळे 2019 नंतर आलेल्या नव्या प्रेक्षकांना नावं ठेवणाऱ्यांचं तर मला कळतच नाही. येऊ द्या की! निदान ते ट्रॅकवरचं बघतायत.

मला बुद्धसारखं सर्किट नकोय. ते पांढरे हत्ती आपल्याला पोसवत नाहीत. कारी ट्रॅक जेमतेम दोन किलोमीटरचा आहे आणि त्यावर देशाची एक पिढी गाडी बांधायला शिकली. कोल्हापूरला कार्टिंगचा ट्रॅक आहे, तिथे राष्ट्रीय स्पर्धांच्या फेऱ्या झाल्या आहेत. 2014 पासून देशाचं रस्ते मंत्रालय नागपूरच्या नितीन गडकरींकडे आहे, शहरात उड्डाणपुलांना तोटा नाही. बुटीबोरीकडे कुठेतरी एक किलोमीटर डांबर, टायरांच्या भिंती, एक ओली ब्रेकिंग पट्टी, एक अॅम्ब्युलन्स. दिवसा कॉलेजच्या पोरांनी गाड्या तपासाव्यात, संध्याकाळी कुणीही पैसे भरून आपली ड्रीम कार आणावी आणि 100 वरून थांबवून दाखवावी. ज्याला 160 ची खाज आहे त्याने तिथे खाजवावी.

तोवर मी घरगुती उपाय केला. मागच्या शनिवारी मित्राच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. नकली क्लिप काढायला लावली, बेल्ट लाव म्हटलं, हात स्टिअरिंगवर, आता उतर. बेल्टचं बटण, मग दार लॉक, मग लॉक कुठून उघडतं ते शोधणं, मग उंच पायरीवरून पाय. अकरा सेकंद. काकू गॅलरीतून बघत होत्या, त्यांना वाटलं गाडीत साप निघाला.

"सीट कव्हरवाल्याकडे चाललो," तो म्हणाला. "बकलची भोकं पाडून आणतो. पण तू घड्याळ बंद नको करू बे, पुन्हा एकदा बसतो."