धनुष्याचे बळ कोठे असते?

२०२३ च्या ऑगस्टात बर्लिन येथे भरलेल्या जागतिक धनुर्विद्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात साताऱ्याच्या अदिती स्वामी हिने १५० पैकी १४९ गुण मिळवले आणि वयाच्या सतराव्या वर्षी जगज्जेतेपद घरी आणले. त्यापूर्वी, २०२१ साली, फलटण तालुक्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये खेळून आला होता. तेव्हापासून आमच्या कृष्णाकाठच्या मुलांना क्रिकेटच्या बॅटीबरोबर धनुष्याचाही ध्यास लागला तर त्यात नवल नाही. या खेळाडूंच्या हातची धनुष्ये धातूची व कृत्रिम तंतूंची असून त्यांची किंमत ऐकून मध्यम स्थितीतल्या गृहस्थाने गप्प बसावे, हेच बरे. परंतु बांबूच्या देशी धनुष्याची स्पर्धाही आपल्या देशात वेगळी होत असते. म्हणून गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आमचा अकरा वर्षांचा नातू साताऱ्याहून सांगलीस आला, तेव्हा ‘धनुष्य मी घरीच करून देतो’ असे मी मोठ्या तोऱ्यात सांगून टाकले.

परसातल्या बेटातला ओला कळक तोडला, जाडजूड कांब काढली आणि चार दिवसांत दोरी चढवली. जाड म्हणजे बळकट, अशी माझी समजूत. पोराला ते ओढवेना, म्हणून मुठीच्या वर वीतभर जागा कोयत्याने तासून दिली. तिसऱ्याच ओढीला नेमके तेथेच ते काडकन मोडले आणि एक चिंबोळी त्याच्या भुवईला चाटून गेली. डोळा बोटभर अंतराने वाचला. सूनबाई काही बोलल्या नाहीत; बोलल्या असत्या तर बरे वाटले असते.

ते मोडके धनुष्य मी फेकले नाही. चूक नीट समजल्यावाचून दुसरे करायचे नाही, असे ठरवले. आणि जे समजले ते आमच्यासारख्या हौशी आजोबांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे देत आहे.

धनुष्य ओढले असता त्याची लक्ष्याकडची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते आणि आपल्याकडची बाजू, म्हणजे पोट, दाबले जाते. कांबीची रुंदी दुप्पट केल्यास ताठपणा दुप्पट होतो. पण जाडी दुप्पट केल्यास तो आठपट होतो. याचाच उलटा अर्थ असा, की १० मिलिमीटर जाडीची कांब एखाद्या जागी ९ मिलिमीटर उरली, तर तेथला ताठपणा १०० वरून ७३ वर येतो. सगळा बाक मग त्या एकट्या जागेवर येतो आणि एक दिवस ती मोडते. तेव्हा धनुष्य मोडते ते बारीक असल्यामुळे नव्हे, तर भार सर्वांनी सारखा न उचलल्यामुळे. हा नियम एकत्र कुटुंबालाही लागू पडतो; पण ते असो.

बांबूचे कणखर तंतू सालीलगत दाट असतात. म्हणून साल पाठीकडे ठेवावी व तिला हत्यार मुळीच लावू नये. पेरांच्या गाठीही बाहेरून तासू नयेत. जे काढायचे ते पोटाकडून. कांब सावलीत काही महिने वाळू द्यावी. ओल्या कांबीला कायमचा बाक येतो आणि तिची उसळी मरते. सह्याद्रीच्या रानात धामण हे झाड आढळते. त्याच्या लवचिक लाकडामुळे संस्कृतात त्याला धनुर्वृक्ष असे नावच पडले आहे.

लांबी ओढीच्या दुपटीहून एक पंचमांशाने तरी अधिक असावी. आमच्या नातवाची ओढ २२ इंच, म्हणून धनुष्य साडेचार फुटांचे केले. मुठीपासून टोकांकडे जाडी व रुंदी हळूहळू उतरत न्यावी. टोके जड राहिली तर सोडलेली शक्ती बाणाला न मिळता त्या टोकांनाच हलवण्यात खर्च होते. डेन्मार्कमधील होल्मेगार्डच्या दलदलीत १९४४ साली सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीचे एल्म लाकडाचे धनुष्य सापडले. त्याचे बाहू रुंद आणि टोके निमुळती आहेत. गणित न शिकलेल्या त्या कारागिराला हे हातानेच कळले होते.

सर्वांत महत्त्वाचे काम तोलाचे. मूठ भिंतीवरील खुंटीवर ठेवावी, दोरी खालच्या कप्पीतून ओढून आपण दूर उभे राहावे आणि दोन्ही बाहूंचा बाक पाहावा. जेथे बाक कमी, तेथेच काचेच्या तुकड्याने खरवडावे. जेथे अधिक, तेथे हात लावू नये. चार वेळा खरवडावे, वीस वेळा ओढून पाहावे. दोरी न ताणणारी हवी. बाणावाचून दोरी कधीही सोडू नये, कारण बाणाची शक्ती मग धनुष्यालाच फोडते.

हे खरवडणे पाहताना मला मिरजेची आठवण होई. तेथले सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना पाणी देणाऱ्या कारागिरांच्या घराण्यातले. त्यांच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तबलीचे लाकूड तासताना एका वृद्ध कारागिराला मी पूर्वी पाहिले होते. तो दोन हात चालवी, टिचकी मारून ऐके आणि बराच वेळ नुसता बसून राही. तेव्हा तो आळस वाटला होता. आता कळते, की तोच त्याच्या कामाचा मुख्य भाग होता.

दुसरे धनुष्य दिवाळीत पुरे झाले. पूर्ण ओढीला काट्यावर ते आठ किलो भरते. पहिल्याहून किती तरी बारीक, पण बाण अंगणाच्या टोकाला ठेवलेल्या गवताच्या पेंढ्यात सरळ रुततो. पहिले शंभर वेळा मी स्वतः ओढले, डोळ्यांवर चष्मा लावून. मग ते सूनबाईंच्या हाती दिले. त्यांनी दोन्ही बाहूंवरून बोट फिरवले, एकदा ओढून पाहिले आणि लेकाला हाक मारली.