पाणी घालणे म्हणजे दुरुस्ती नव्हे

(द्वितीय वर्ष, कला)

जुनी मोटार तापू लागली की आपल्याकडे एक ठरलेला उपाय आहे. गाडी कडेला घ्यायची, बॉनेट उघडायचे, जवळच्या हॉटेलातून बादलीभर पाणी आणायचे आणि रेडिएटरमध्ये ओतायचे. गाडी पुन्हा चालू लागते, आणि ‘म्हातारी झाली बिचारी’ असे म्हणून आपण सारा दोष वयावर ढकलून मोकळे होतो. माझे स्पष्ट मत असे की बहुतेक गाड्या वयाने तापत नाहीत, हयगयीने तापतात. आणि वरचेवर पाणी घालणे हा उपाय नसून पुष्कळदा तेच रोगाचे मूळ असते.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकात असल्या विषयावर लिहावे काय, असे काही मित्रांना वाटेल. पण आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. वडील सातवीपर्यंत शिकले आणि गेली पंचवीस वर्षे तालुक्याच्या गावी गॅरेज चालवतात. सकाळी अर्थशास्त्र आणि दुपारी पाने-पक्कड असा माझा दिनक्रम. ज्यातले आपल्याला थोडेफार कळते, त्यावरच मत द्यावे हे बरे!

गेल्या उन्हाळ्यात गावातील एका निवृत्त गुरुजींची प्रीमियर पद्मिनी आमच्याकडे आली. ही गाडी मूळची इटलीच्या फियाट कंपनीची. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ती ‘फियाट ११०० डिलाइट’ या नावाने निघू लागली, आणि १९७४ मध्ये तिची ‘पद्मिनी’ झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिने हजारो संसार पोसले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती टॅक्सीही रस्त्यावरून गेली. गुरुजींची गाडी मात्र चैनीसाठी नव्हती. बाईंचे गुडघे गेलेले, एस.टी.च्या पायऱ्या चढवत नाहीत. त्यांना जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायला हीच गाडी. आता चार-पाच किलोमीटर गेले की काटा तांबड्यात जाई. एका ठिकाणी ‘आपल्या उष्ण हवेत याची गरजच नाही’ असे म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकला होता. दुसऱ्या ठिकाणी गाडी भंगारात द्या असा सल्ला मिळाला होता, आणि मुलांनी भंगारवाल्याशी भावही ठरवला होता.

मुळात इंजिनात पाणी कशासाठी, हे आपण समजून घेत नाही. जळणाऱ्या पेट्रोलपैकी साधारण एक तृतीयांश उष्णता पाण्यावाटे बाहेर काढावी लागते. वॉटर पंप हे पाणी इंजिनाच्या पोकळ भिंतींतून फिरवतो. तापलेले पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन निवते आणि परत येते. आता या पाण्याच्या जागी बोअरचे पाणी घाला. त्यात विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार तापले की घट्ट होऊन भिंतीला चिकटतात. आपल्या घरच्या बंबात बसतो तोच हा पांढरा थर! वाफ उडून जाते, क्षार मागे राहतात. म्हणून प्रत्येक नवी बादली नवे क्षार घेऊन येते. त्यात बिडाच्या ब्लॉकचा गंज मिसळतो. या थरातून उष्णता नीट बाहेर पडत नाही, बारीक नळ्या बुजतात, गाडी अधिक तापते, आणि आपण अधिक पाणी घालतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते याहून वेगळे काय?

गाडी रात्रभर गार होऊ दिल्यावर सकाळी वडिलांनी रेडिएटरचे झाकण उघडले. गरम इंजिनाचे झाकण कधी उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते आणि उसळून तोंड भाजते. आतले पाणी चहाच्या गाळासारखे तांबडे होते, आणि तळाशी पिवळा चिखल. तो चिखल हळदीचा! गळका रेडिएटर बुजवायला हळद टाकण्याची युक्ती आपल्याकडे सर्रास चालते. वडील म्हणाले, “हळद टाकून गाडी घरापर्यंत आणावी. तिच्यावर संसार करू नये.”

पुढचे दोन दिवस काम चालले. सगळे पाणी टोपात काढले. रेडिएटर उतरवून उलट्या दिशेने, म्हणजे खालच्या तोंडातून वर, बेताच्या धारेने धुतला; गाळ ज्या वाटेने शिरला त्याच वाटेने परत निघतो. मग लिंबूसत्त्वाचे सौम्य पाणी आत घालून इंजिन चालवले, निवू दिले, ओतून टाकले आणि स्वच्छ पाण्याने पुनःपुन्हा धुतले, बाहेर येणारे पाणी नितळ दिसेपर्यंत. काहीजण घाईने संडास धुण्याचे ॲसिड वापरतात. या गाडीचे हेड ॲल्युमिनियमचे. ॲसिड थराबरोबर तेही खाते. नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून तो उघडतो की नाही हे पाहिले. तो नसला तर इंजिन योग्य उष्णतेला यायला फार वेळ लागतो, पेट्रोल जास्त जाते आणि झीजही वाढते. शेवटी डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट डब्यावरच्या प्रमाणात भरले. कूलंटमधले गंजरोधक दोन-तीन वर्षांत संपते, म्हणून ते बदलावे लागते. शिवाय ते विषारी असून चवीला गोड असते, कुत्री-मांजरे चाटतात. जुने कूलंट गटारात सोडणे हा गुन्हाच समजावा.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो अनुभवी माणसेही घेतात: ‘जुन्या गाडीतली घाण काढू नका, काढली की गळती सुरू होते.’ गुरुजींच्या गाडीतही तसेच झाले. गाळ निघताच रेडिएटरच्या सांध्यातून थेंब पडू लागले. पण ते छिद्र साफसफाईने पाडलेले नव्हते. घाणीने झाकलेले होते. ते दिसले म्हणून झाळून घेता आले. न दिसते, तर दवाखान्याच्या वाटेवर कुठेतरी फुटले असते.

सफाईने प्रत्येक गाडी वाचते असे माझे म्हणणे नाही. हेड वाकले असते तर खर्च कितीतरी वाढला असता. धूर ओकणारी गाडी केवळ आठवणींसाठी रस्त्यावर ठेवावी, असेही मी म्हणत नाही. पण आत डोकावून न पाहता निकाल देणे मला मान्य नाही. गुरुजींची गाडी भर मे महिन्यात जिल्ह्याला जाऊन आली, काटा मध्यावरून हलला नाही. भंगारवाला जेवढे पैसे देणार होता, त्याहून कमी खर्चात हे काम झाले.

‘बोअरचे पाणी इंजिन खाते’ हे वडिलांना कधीपासून ठाऊक होते. त्याचे कारण मला आपल्या ग्रंथालयातील रसायनशास्त्राच्या पुस्तकात सापडले, ते मी त्यांना वाचून दाखवले. त्यांनी आता गॅरेजच्या दारावर खडूने लिहिले आहे: ‘येथे बोअरचे पाणी घातले जाणार नाही.’ काही गिऱ्हाइके कुरकुरतात. कुरकुरू देत!

मित्रहो, आणि प्राध्यापक महाशय, आपल्यापैकी कुणाच्या दारात जुनी गाडी उभी असेल तर उद्या सकाळी, इंजिन गार असताना, झाकण उघडून पाण्याचा रंग पाहा. तांबडा दिसला, तर बादली आणायला धावू नका.