पास कुणाच्या टेबलात?

मेंढा-लेखाचा बांबू आठवा. तालुका धानोरा, जिल्हा गडचिरोली. जंगल गावानं राखलं, पण बांबू बाहेर न्यायचा तर पास फॉरेस्टच्या साहेबाचा. 2006 च्या वनहक्क कायद्यानं बांबू गौण वनोपजात धरला, 2009 ला गावाला हक्काचा कागद मिळाला, तरी पासबुक साहेबाच्याच टेबलात! ग्रामसभेच्या हाती ते आलं 27 एप्रिल 2011 ला. भांडून.

दोस्तांनो, तुमच्या कॉम्प्युटरचा पास कुणाच्या टेबलात आहे? विंडोज तुमच्या मालकीचं नाहीच. करार वाचा: विकलेलं नाही, वापरायचा परवाना दिलाय. 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज 10 च्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या बंद केल्या. वर्षाची मुदतवाढ टाकली, तीही अटी घालून. आता म्हणे विंडोज 11 घ्या, आणि मशीनमध्ये टीपीएम 2.0 नसेल तर धडधाकट मशीन भंगारात! चंद्रपूरच्या कॅफेवाल्याला कुणी विचारलं होतं?

लिनक्स 1991 पासून आहे. हेलसिंकीतल्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या पोरानं सुरू केलं. परवाना त्यालाही आहे, पण उलटा: वाचा, बदला, वाटा, बदलून वाटलं तर सोर्स कोडही द्या.

मग भ्यायचं काऊन? आधी आपल्या फायली दुसरीकडे उतरवा. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट चढवा, मशीन त्यावरून चालू करा. हार्ड डिस्कला हात न लावता वायफाय, प्रिंटर, मराठी टायपिंग तपासा. जुन्या फॉन्टातल्या मराठी फायली अडतील. एखादा प्रिंटर रुसेल. फुकटचं म्हणून नाक मुरडणारे तर भेटतीलच. त्यांच्या खिशातल्या अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सच आहे, हे त्यांना सांगा, आणि इन्स्टॉल दाबा.