शेरा पुसायला लागलेली पाच वर्षे

आमची आजी फलटणच्या घराची ओसरी सारवताना लहानपणी पाहिलेल्या प्लेगच्या गोष्टी सांगे. घरात उंदीर पडला की माणसे गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहत. रोगाइतकीच धास्ती लस टोचणाऱ्याची! त्या लशीच्या जनकाचे नाव तिला ठाऊक नव्हते. मला ते पुढे वाचनात सापडले. पण सारी उमेद बँकेत गेलेली, त्यामुळे लक्ष गेले ते त्यांच्या नोकरीच्या नोंदींकडेच.

डॉ. वाल्डेमार हाफकिन मूळचे ओडेसाचे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि सरकारने त्यांना पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी सरकारने त्यांना 'सी.आय.ई.' हा किताब दिला.

पुढे १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतली लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. चौकशी व्हायलाच हवी होती. पण ठपका आला तो हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर, आणि त्यांना पद सोडावे लागले. बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा त्या गावातच जमिनीवर पडला होता, याकडे नीट लक्ष गेले ते फार उशिरा. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ लंडनच्या 'टाइम्स'मधून त्यांच्या बाजूने उभे राहिले, तेव्हा कुठे १९०७ मध्ये त्यांच्यावरचा डाग पुसला गेला. नेमणूक मिळाली ती मात्र कलकत्त्याला. परळच्या संस्थेला त्यांचे नाव लागायला १९२५ साल उजाडले.

बँकेत मी पाहिले आहे: एखाद्यावर चौकशी बसली की दुपारी त्याच्यासोबत डबा खायला कुणी बसत नाही. आरोप साऱ्या शाखेला कळतो. निर्दोष ठरल्याचे पत्र मात्र गुपचूप फायलीत जाते.

२०२० च्या मार्चमध्ये आपण डॉक्टरांसाठी थाळ्या वाजवल्या आणि त्याच दिवसांत काहींना भाड्याची घरे सोडायला लावली. गौरव करणे सोपे असते. खरी सरकारी दखल म्हणजे चौकशी वेळेत पुरी करणे, आणि माणूस निर्दोष ठरला तर तेही आरोपाइतक्याच मोठ्या आवाजात सांगणे.