पायपेटीवाल्याचं नाव

परवा धुळ्याला नाट्यगीतांच्या एका कार्यक्रमाची पत्रिका हातात आली. गायिकेचं नाव ठळक, निवेदिकेचं नाव, दीपप्रज्वलन करणाऱ्या चार पाहुण्यांची नावं पदांसकट. खाली बारीक अक्षरात नुसतं ‘तबला-ऑर्गन साथ’. वाजवणार कोण, ते नाही!

मंडळी, ही आपली जुनीच खोड आहे. बालगंधर्वांचा आणि जळगावचा संबंध आपण अभिमानाने सांगतो. लहानपणी ते जळगावला मेहबूबखाँकडे गाणं शिकले, हे आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक असतं. पण गंधर्व नाटक मंडळीत त्यांच्या पदांना ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे असत, हे किती जणांना माहीत आहे? तबल्यावरचे थिरकवाखाँ तरी लोकांच्या लक्षात राहिले.

हातपेटीत एक हात भात्यात अडकतो. पायपेटीला, म्हणजे ऑर्गनला, भाता पायाने चालतो आणि दोन्ही हात मोकळे राहतात. एका हाताने सूर धरून ठेवायचा, दुसऱ्याने पद वाजवायचं. नट श्वास घ्यायला थांबला की पोकळी भरून काढायची. ध्वनिक्षेपक नव्हते तेव्हा हा भरदार आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाई. अडचण एकच, पट्टीवरचे स्वर ठोकळ्यासारखे, एकमेकांपासून तुटलेले. मींड निघत नाही. याच कारणावरून 1940 मध्ये आकाशवाणीने पेटीला दारं बंद केली आणि ती बंदी पुढे कित्येक वर्षं टिकली. आक्षेप खोटा नव्हता. पण वाजवणाऱ्यांनी त्याला बोटांनी उत्तर दिलं.

त्यातले माझ्या मते सर्वांत मोठे गोविंदराव पटवर्धन (1925–1996). हातपेटी आणि ऑर्गन दोन्हींवर सारखीच हुकमत. छोटा गंधर्व, राम मराठे, वसंतराव देशपांडे, कुमार गंधर्व... या चौघांची गायकी चार दिशांची. चौघांनाही हाच माणूस साथीला चालत असे, यावरून काय ते समजा. पहिला स्वर सुटायच्या आत दुसऱ्यावर बोट अलगद टेकायचं, मध्ये एखाद्या कणस्वराचा नुसता स्पर्श, की ठोकळे विरघळतात आणि पेटी शब्द उच्चारतेय असं वाटतं. मूळ वाद्यात जे नाहीच, ते त्यातून काढून दाखवायचं! याला ‘साथ’ एवढाच शब्द मला अपुरा वाटतो.

मागच्या दिवाळीत भाच्याने यूट्यूबवर जिमी स्मिथ नावाच्या अमेरिकन वादकाचा ऑर्गन लावून दिला. जॅझमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण तासभर हललो नाही. तो विजेवरचा हॅमंड ऑर्गन 1935 मध्ये निघाला आणि मोठा पाइप ऑर्गन न परवडणाऱ्या चर्चमध्ये गेला. स्मिथने तो जॅझच्या मैफलीत मध्यभागी आणला. पाय खर्जाच्या पट्ट्यांवर, उजवा हात सुसाट. 1956 पासून त्याच्या नावाच्या तबकड्या निघाल्या, 2005 मध्ये तो गेला, तरी ऑर्गन म्हटलं की तिकडे आधी त्याचं नाव निघतं. आपल्याकडेही ऑर्गन साहेबाबरोबरच आला. आपण तो रंगभूमीवर घेतला खरा, पण रंगमंचाच्या पुढच्या खड्ड्यात बसवला आणि वाजवणाऱ्यालाही तिथेच ठेवला.

कुणी म्हणेल, आता कीबोर्डमध्ये ऑर्गनचा आवाज मिळतोच की. मिळतो. पण पायाचा दाब कमीजास्त करून स्वर फुगवणं-ओसरवणं त्या तयार आवाजात सहसा ऐकू येत नाही. मी नोकरी केली त्या एका शाळेत प्रार्थनेला पायपेटी होती. भात्याला भोक पडलं, दुरुस्तीला पैसे नव्हते, ती अडगळीत गेली आणि पुढे भंगारात. तिच्यावर वीस वर्षं प्रार्थना वाजवणाऱ्या बाईंचं नाव शाळेच्या एकाही स्मरणिकेत छापलेलं नाही. मुख्याध्यापकांचे फोटो मात्र ओळीने आहेत. असो.

कुमारजी आणि गोविंदराव यांची एकत्र ध्वनिमुद्रणं मिळतात. एकदा गाण्याकडे मुद्दाम दुर्लक्ष करून फक्त पेटी ऐका. कुमारजी स्वर मध्येच सोडून देतात, तिथे पेटी काय करते ते बघा.