निर्देशांकाची पालखी कशासाठी?

निवडणुकीचा निकाल लागला की अर्थपंडितांचा ठरलेला खेळ सुरू होतो. सेन्सेक्स चढला तर सरकार उद्योगस्नेही. उतरला तर डाव्या वळणाचे! दुर्दैव असे की, आपल्यातील सुविद्य कार्यकर्तेही हीच फूटपट्टी घेऊन वादाला उभे राहतात. ती फूटपट्टीच वाकडी आहे.

१७ मे २००४ चा दाखला तर आपल्याकडे तोंडपाठ आहे. वाजपेयी सरकार गेले, नवे सरकार डाव्यांच्या टेकूवर उभे राहणार हे स्पष्ट झाले आणि सेन्सेक्स एका दिवसात ५६४ अंकांनी, म्हणजे ११ टक्क्यांहून अधिक कोसळला. हे खरेच. पण पुढचे पान कोणी उलटत नाही. त्या दिवशी साडेचार हजारांवर बंद झालेला हाच निर्देशांक, डाव्यांचा पाठिंबा कायम असताना, जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर पोहोचला. हा काय मार्क्सवादाचा विजय म्हणायचा? वर्षअखेरीस तो निम्म्याहूनही खाली आला, त्याचे मूळ दिल्लीत नव्हे, न्यूयॉर्कमध्ये होते.

उलट, जुलै २००१ आठवावा. केतन पारेख प्रकरणाने बाजार आधीच खिळखिळा झालेला. त्यात युनिट ट्रस्टने 'यूएस-६४' ची पुनर्खरेदी थांबवली आणि निवृत्तांच्या आयुष्यभराच्या पुंजीला कुलूप लागले. तेव्हा सत्तेवर वाजपेयी सरकारच होते.

सरकारचा बाजाराशी संबंधच नाही, असे नव्हे. तो कररचनेतून, नियमनातून, धोरणाच्या स्थैर्यातून येतो. झेंड्याच्या रंगातून नाही. समभागांवरील दीर्घकालीन भांडवली नफ्याचा कर २००४ मध्ये रद्द केला तो चिदंबरम यांनी, डाव्यांच्या पाठिंब्यावर! तो २०१८ मध्ये पुन्हा आणला जेटली यांनी आणि २०२४ मध्ये १० टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर नेला निर्मला सीतारामन यांनी. त्याची गरज असेलही. पण मग 'बाजाराचे सरकार' ही बिरुदावली कशाला मिरवायची?

४ जून २०२४ रोजी मतमोजणीच्या दिवशी सेन्सेक्स ४,३९० अंकांनी घसरला. ७ जूनला तो विक्रमी उंचीवर बंद झाला. मधल्या तीन दिवसांत देशाची विचारसरणी बदलली नव्हती. मुलीच्या शिक्षणासाठी राखलेले समभाग ज्या गृहस्थाने ४ जूनला भेदरून विकले, त्याचे नुकसान कोणता पक्ष भरून देणार आहे?