मामाचा व्हिसा दिवाळीत संपतो

आपली पिढी 'लास्ट डेट'वर जगते. लाइटबिल, इन्शुरन्सचा प्रीमियम, जिमचं रिन्युअल, बॉसला द्यायचं प्रेझेंटेशन... सगळं शेवटच्या रात्री साडेअकरा वाजता. आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा ते जमतंही! त्यामुळे कागदावर छापलेली तारीख हीच खरी, असा आपला पक्का समज झालाय.

माझा हा समज मोडला मामाने. वय ६३, बँकेतून रिटायर्ड, एकटा जीव, मुक्काम चियांग माई. उत्तर थायलंडमधलं डोंगरांनी वेढलेलं शहर. परवडणारं भाडं, बरी हॉस्पिटलं, गल्लीत भाजीबाजार. "पुणं पंचवीस वर्षांपूर्वी असं होतं गं," असं तो सांगतो आणि आम्ही भाचरं सॉलिड जळतो.

पण या स्वर्गाला दरवर्षी शिक्का लागतो. सगळे त्याला 'रिटायरमेंट व्हिसा' म्हणतात, पण खरं तर ते 'एक्स्टेन्शन ऑफ स्टे' असतं. व्हिसा तुम्हाला देशात आणतो. एक्स्टेन्शन तुम्हाला तिथे राहू देतं, एका वेळी एक वर्ष. वय ५० पूर्ण हवं (म्हणजे तुम्हा-आम्हाला अजून भरपूर वेळ आहे), फी १,९०० बाट. शिवाय थाई बँकेत ८ लाख बाट, नाहीतर महिन्याला ६५,००० बाटचं उत्पन्न, नाहीतर दोन्ही मिळून वर्षाचे ८ लाख. मामाचा मार्ग पहिला.

मामाच्या पासपोर्टवर तारीख आहे २० फेब्रुवारी. आपण काय केलं असतं? १८ फेब्रुवारीला हाफ डे टाकला असता. मामा मात्र उलटं मोजतो.

अर्ज तारीख संपायच्या आधी ३० दिवस घेतात. काही ऑफिसं ४५ दिवस आधीही घेतात, पण मामा ३० धरून चालतो. म्हणजे २१ जानेवारी. त्या दिवशी ते ८ लाख बाट खात्यात पडून दोन महिने झालेले हवेत. म्हणजे २१ नोव्हेंबर. आता हे पैसे पुण्यातून जाणार. एनआरओ खात्यातून रक्कम बाहेर पाठवायची तर बँक फॉर्म मागते, सीएचं सर्टिफिकेट मागते, कुठेतरी एक सही जुळत नाही आणि मध्ये दिवाळीच्या सुट्ट्या येतात. रक्कम म्हणाल तर वीस लाख रुपयांच्या वर. म्हणजे सुरुवात कधी? फराळाची भाजणी दळायला जाते तेव्हा! त्यात नोव्हेंबर म्हणजे पेन्शनवाल्यांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. एका सरकारला सांगायचं की मी जिवंत आहे, दुसऱ्याला सांगायचं की मला इथे जगायला परवडतं.

शिक्का मिळाला की पैसे मोकळे? अजिबात नाही. २०१९पासूनचा नियम असा, की मंजुरीनंतरही तीन महिने ८ लाख तसेच ठेवायचे आणि त्यानंतर वर्षभर ४ लाखांच्या खाली जायचं नाही. म्हणजे निम्म्या रकमेला कधीच हात लावायचा नाही. मामा चार-पाच हजार बाट जास्तच ठेवतो. बँकेने कसलातरी चार्ज कापला आणि खात्यात ७,९९,८०० उरले, तर काउंटरवरच्या बाईंना त्याचं दुःख होत नाही.

पासपोर्टचीही मेख आहे. पासपोर्ट सहा महिन्यांत संपत असेल तर एक्स्टेन्शन सहा महिन्यांचंच मिळतं. म्हणून आधी पासपोर्ट, मग शिक्का. चियांग माईत आपली वकिलात आहे, त्यामुळे मामाला त्यासाठी बँकॉक गाठावं लागत नाही. ज्यांची तारीख एप्रिलच्या मध्यात येते त्यांच्या वाटेत सोंगक्रान येतो. १३ ते १५ एप्रिल सगळा देश एकमेकांवर पाणी उडवत असतो आणि ऑफिसं बंद.

मी एकदा मामाला विचारलं, "महिनाभर आधी जाऊन तुझे तीस दिवस वाया नाही का जात?" तो हसला. "अगं, तुझ्या मोबाइलचा पॅक संपायच्या आधी रिचार्ज केलास तर दिवस कापतात का?" नवं वर्ष जुन्या तारखेलाच जोडलं जातं. २१ जानेवारीला जा की १९ फेब्रुवारीला, मिळणार पुढच्या वर्षीची २० फेब्रुवारीच. थांबून एक दिवसही जास्त मिळत नाही. पण लवकर गेलं आणि एखादा कागद कमी पडला, तर तो आणायला चार आठवडे हातात असतात. शेवटच्या दिवशी कागद कमी पडला तर मीटर सुरू: दिवसाला ५०० बाट दंड, जास्तीत जास्त २०,०००. आणि मुदत उलटलेल्या अवस्थेत पकडले गेलात तर किमान पाच वर्षं प्रवेशबंदी. घर, स्कूटर, कुंड्या, सगळं तिकडे आणि आपण इकडे.

तरी दंड ही खरी भीती नाही. खरी भीती रात्री वाजणाऱ्या फोनची आहे.

हे एक्स्टेन्शन थायलंडमध्ये हजर राहूनच घ्यावं लागतं. शिवाय देशाबाहेर जाताना 'री-एन्ट्री परमिट' नसेल तर बाहेर पडताक्षणी ते रद्द होतं. एका फेरीचं परमिट १,००० बाट, अनेक फेऱ्यांचं ३,८००. हे परमिटही एक्स्टेन्शनच्याच तारखेला संपतं. म्हणजे शिक्का नवा झाला की परमिट नवं काढायचं. मामा दोन्ही कामं एकाच दिवशी उरकतो.

गेल्या वर्षी २१ जानेवारीला त्याने ती उरकली. २ फेब्रुवारीला रात्री साताऱ्याहून फोन गेला, आजीला आयसीयूत हलवलंय. दुसऱ्या दिवशी मामा विमानात होता. आजी बावीस दिवस होती. शेवटच्या आठवड्यात तिला माणसं नीट ओळखू येत नव्हती, पण मामाचा हात मात्र ती सोडत नव्हती. २४ फेब्रुवारीला ती गेली. तेरावा आटोपून मामा मार्चमध्ये चियांग माईला परतला, आपल्या घरी, आपल्या कुंड्यांकडे.

आता हिशेब करा. मामा 'बघू १८ तारखेला' म्हणणारा असता, तर आजीच्या त्या शेवटच्या आठवड्यात त्याला निवडायचं होतं: आईचा हात सोडून शिक्क्यासाठी परत धावायचं, की इथेच थांबून तिकडचं सगळं नव्या व्हिसापासून पुन्हा उभं करायचं. ती निवड त्याच्यावर आली नाही. ती आली नाही, कारण त्याने नोव्हेंबरमध्ये कंटाळवाणे फॉर्म भरले होते.

तेव्हापासून माझ्या मोबाइलमध्ये मामाच्या चार तारखा आहेत: पैसे निघण्याची, पैसे पोचण्याची, अर्जाची आणि तीन महिने संपण्याची. शिवाय दर ९० दिवसांनी पत्ता कळवण्याची वेगळी आठवण. ती पंधरा दिवस आधीपासून देता येते आणि देशाबाहेर जाऊन आलं की मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. छापलेली २० फेब्रुवारी मात्र मी टाकलेलीच नाही. तिची गरजच पडत नाही.

तुमचेही कुणी काका-मावशी असे बाहेर राहत असतील. एकदा विचारून बघा त्यांना, शिक्का कधी संपतो ते नाही, पैसे कधी निघणार ते.

यंदा फराळाचं कुरिअर पोचलं का म्हणून मी मामाला फोन केला. "चकल्या पोचल्या," तो म्हणाला, "आणि पैसेही."